अंड्यांच्या गाडीची डावी स्प्रिंग

मी एक जुनी स्प्रिंग आहे, मित्रांनो. पेनातली नव्हे, गादीतलीही नव्हे. मी मोटारीची स्प्रिंग. अंगठ्याएवढ्या जाड पोलादी सळीची वेटोळी घालून मला घडवले आणि एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर बसवले. माझ्या पोटातून तेलाने भरलेला एक शॉकअप उभा असायचा. खड्डा आला की धक्का मी झेलायचा आणि माझी उसळी त्याने आवरायची, असे आमचे वाटून घेतलेले काम होते. आता ते काम माझ्याकडे नाही. ते कसे गेले आणि कुणाकडे गेले, तेच तुम्हाला सांगायचे आहे. एक गोष्ट आधीच कबूल करते. माझा स्वभाव हेवेखोर आहे. तो झाकून ही हकीकत सांगायला गेले, तर सांगण्यासारखे फारसे उरणार नाही.

कारखान्यात तापून लाल झालेली सळी एका रुळाभोवती गुंडाळली गेली, तेलात बुडाली, पुन्हा तापली आणि माझा जन्म झाला. माझ्या मागोमाग माझी जुळी बहीण निघाली. दोघींना एकच काळा रंग लागला आणि दोघी एकाच गाडीला बसलो. ती उजवीकडे, मी डावीकडे. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागले. आमच्याकडे, म्हणजे तैवानात, गाडी चालवणारे माणूस डावीकडे बसते. म्हणजे रोजचा भार माझ्या वाट्याला. बहिणीच्या बाजूला कधी छत्री, कधी पेरूंची पिशवी, आणि बहुतेक वेळा रिकामी सीट. तरी आम्हा दोघींची किंमत सारखीच! अर्थात आमच्याकडे बघत तरी कोण होते? कौतुक व्हायचे ते टायरांचे, कारण ते दिसतात. धुवून पुसून चमकवला जायचा तो बाहेरचा पत्रा. आम्हाला बघायचे तर गुडघे टेकून मान वाकडी करावी लागते, आणि तेवढी तसदी सहसा कुणी घेत नाही.

गाडी घेतली होती शी सूल्यान नावाच्या बाईने. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, छंगकुंग बंदराच्या गावात ती राहायची. लग्न केलेले नव्हते, आवाज खणखणीत होता, आणि धंदा अंड्यांचा. सकाळी कोंबड्यांच्या शेडवरून ट्रे उचलायचे, मागची सीट काढून तिथे रचायचे, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने गावोगावच्या नाश्त्याच्या दुकानांना आणि नूडलवाल्यांना पोचवायचे. त्या रस्त्यावर एका अंगाने डोंगर दगड टाकतो, दुसऱ्या अंगाने समुद्र खारे पाणी उडवतो, आणि भूकंपाने जागोजाग डांबर वर उचललेले असते. अशा रस्त्याने अंडी न्यायची, म्हणजे सगळी भिस्त आमच्यावर.

एखादा नूडलवाला ट्रे उघडून विचारायचा, “सूल्यानताई, तुझं एकही अंडं कसं फुटत नाही गं?”

“हात लागतो हात!” ती म्हणायची. “गाडी हाकणं म्हणजे काय तुझ्या कढईत पळी फिरवणं आहे?”

हात म्हणे! मी चाकामागच्या अंधारात जळफळत बसायची.

त्या अंधारात वाकून बघणारा एकच माणूस होता. त्याचे नाव कुओ चिन-फा. बंदरावरून देवळाकडे जाणाऱ्या चढावर त्याचे गॅरेज होते आणि सगळे त्याला कुओ मिस्त्री म्हणायचे. आमची गाडी पहिल्यांदा त्याच्याकडे गेली, तेव्हा त्याने गालातली सुपारी दुसऱ्या गालात सारली, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर तळवा टेकला, सगळा जोर लावून गाडीचे नाक खाली दाबले आणि सोडून दिले. मी एकदाच वर आले आणि जागच्या जागी स्थिर झाले.

“सूल्यान, हिचे पुढचे पाय बघ,” तो म्हणाला. “अशी जोडी सगळ्या किनाऱ्यावर सापडायची नाही.”

‘जोडी’ म्हणाला, ते मला खटकले. पण तळवा माझ्या बाजूला टेकला होता, एवढ्यावर मी कितीतरी दिवस सुखात काढले.

सूल्यान महिन्याकाठी एकदा तरी त्याच्याकडे जायची. कधी ऑइल बदलायला, कधी काहीतरी वाजते म्हणून. पुष्कळदा काहीच वाजत नसायचे. जाताना ती तडकलेली अंडी घेऊन जायची. कुओ मिस्त्री सुकवलेला मुळा घालून त्यांचे ऑम्लेट करायचा, आणि दोघे उलट्या क्रेटवर बसून खायचे.

“खारट झालंय,” ती म्हणायची.

“मुळा खारट आहे. मी मीठ घातलेलंच नाही.”

“तुझं कधी काही चुकतच नाही. मुळ्याचंच चुकतं.”

एवढेच बोलणे. मग चहा. निघताना तो पुन्हा एकदा गाडीचे नाक दाबून बघायचा आणि मान हलवायचा. त्या दोघांत याहून जास्त काही बोलले गेल्याचे मी कधी ऐकले नाही.

पुढे रुइचन आली. विशी ओलांडलेली, दणकट हाडाची आणि कमी बोलणारी बाई. कुओ मिस्त्रीकडे ती काम शिकू लागली. त्याने तिला जे शिकवले, त्यात मीही होते. “इथे हात टेक, पोरी. दाब. आता सोड. गाडी काय म्हणते ते ऐक.” त्या दिवसापासून माझ्यावर त्याच्याऐवजी तिचा तळवा पडू लागला. तिचा हात वाईट असता तर मला बरे वाटले असते. पण तो चांगला होता. नेमका जोर, नेमक्या वेळी सोडणे. आणि ती नीट सोडू लागली की कुओ मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मला बघून कधी दिसला नव्हता.

काही वर्षांनी ती काओशुंग शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात निघून गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. कुओ मिस्त्री मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, “पंख फुटले हो, पंख फुटले.” कौतुक होते की कुरकुर, ते त्याचे त्यालाच ठाऊक. मग एके दिवशी ती परत आली, आणि चढाखाली पेट्रोल पंपाशेजारी तिने स्वतःचे गॅरेज टाकले. गाडी उचलायची लिफ्टसुद्धा आणली. गिऱ्हाइके एकेक करून चढ चढायच्या ऐवजी खालीच वळू लागली. कुओ मिस्त्री दारात बसून बघायचा. ओळखीची गाडी तिच्याकडे वळली की त्याची सुपारीची पिंक जरा जोरात पडायची.

“लिफ्ट आहे म्हणे तिच्याकडे,” सूल्यान एकदा म्हणाली.

“आहे ना. गाडी आभाळात चढवली की मिस्त्रीला वाकायला नको. मग देवाने कंबर कशाला दिली?”

“तुझी कंबर तरी कुठे वाकते आता?”

यावर तो हसला नाही. कारण कंबरेचे राहू द्या, त्याचा उजवा खांदाच वर जाईनासा झाला होता. मोठे बोल्ट सोडवायचे काम तो टाळू लागला होता. ऑइल, ब्रेक, बल्ब एवढ्यावर तो भागवायचा, आणि जड काम घेऊन कुणी आले की म्हणायचा, “अजून गरज नाही, चालतंय तोवर चालू दे.” हे कुणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले. ज्याला आपली जागा जायची भीती वाटते, त्याला दुसऱ्याची भीती लांबून कळते.

माझेही वय झाले होते, मित्रांनो. मी ज्या वाटीत बसायची, तिच्यात वाळू आणि खारे पाणी साचायचे. आधी रंगाचा पापुद्रा उडाला. मग गंज चढला. मग खालच्या वेढ्याला केसासारखा बारीक तडा गेला. शॉकअपचे तेल तर कधीच गळून गेले होते, त्यामुळे माझी उसळी आवरायला कुणी नव्हते. गाडी डावीकडे किंचित झुकू लागली. उंचवटा आला की ‘टक’ असा आवाज यायचा. ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढू लागली. आणि माझी बहीण? तिच्यावर आयुष्यभर पेरूच बसलेले. ती ठणठणीत होती.

सूल्यान गाडी घेऊन चढावर आली. ऑम्लेट नाही, चहा नाही, सरळ म्हणाली, “कुओ, या खेपेला खरंच वाजतंय. पुढून, डावीकडून.”

तो गुडघ्यावर बसला. एक हात जमिनीवर टेकून त्याने मान वाकडी केली आणि टॉर्च माझ्यावर मारला. उजेड वरच्या वेढ्यावरून खाली सरकत आला आणि तड्यावर थांबला. त्याने बोटाने माती पुसली आणि पुन्हा पाहिले. त्याला तडा दिसला. मला शपथेवर सांगता येईल की त्याला दिसला.

“रुइचनला दाखवू का?” वरून सूल्यानचा आवाज आला. “परवा ती पंपावर भेटली होती. म्हणाली, मावशी, गाडी डावीकडे बसलीये, एकदा बघू द्या.”

कुओ मिस्त्रीने खिशातल्या फडक्यावरचे ग्रीस बोटावर घेतले आणि तड्यावर फासले. तडा दिसेनासा झाला.

“तिला काय दाखवतेस?” तो उठत म्हणाला. “ती पुढचं सगळंच काढून नवं घालायला सांगेल. शहरातली सवय. रबर सुकलंय, म्हणून वाजतंय. एक उन्हाळा सहज काढेल.”

“नक्की?”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

“नाही,” सूल्यान म्हणाली, आणि तिने अंड्यांची पिशवी त्याच्या हातात दिली.

त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी वाचले होते. माझी जागा माझीच राहिली होती, आणि ती राखायला माझे कौतुक करणारा सगळ्या किनाऱ्यावरचा एकमेव माणूस माझ्या बाजूने उभा राहिला होता. त्याने मला वाचवले नव्हते, रुइचनला अडवले होते. पण तेव्हा मला एवढा विचार करायची शुद्ध नव्हती.

उन्हाळा निघाला नाही. एका सकाळी सूल्यान भरलेले ट्रे घेऊन दक्षिणेकडे निघाली होती. पूल लागला. पुलाच्या तोंडाशी काँक्रीटचा सांधा वर आला होता. त्यावरून गाडी रोज जायची. त्या दिवशीही गेली, आणि मी मोडले. खालचा वेढा तुटून बाजूला सरकला आणि त्याचे टोकदार टोक टायरमध्ये घुसले. मोठा आवाज झाला. गाडी डावीकडे खेचली गेली. डावीकडे समोरून येणाऱ्या गाड्यांचा रस्ता होता आणि त्यापलीकडे कठडा, कठड्याखाली समुद्र.

समोरून कुणी येत नव्हते, हे नशीब. सूल्यान स्टीअरिंगला लोंबकळली. गाडी कठड्याला घासत, ठिणग्या उडवत गेली आणि थांबली. इंजिन बंद पडल्यावर एकच आवाज उरला. मागच्या बाजूला अंड्यांचा बलक पत्र्यावरून ठिबकत होता. सूल्यानच्या डाव्या हाताचे मनगट मोडले होते. ती दार उघडून बाहेर आली, रस्त्याच्या कडेला बसली, आणि खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटांकडे बघत राहिली.

मासळीचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या नवरा-बायकोने तिला दवाखान्यात नेले. गाडी उचलायला टोइंगवाला आला. त्याने फोनवर तिला विचारले, “कुठे टाकू?” सूल्यानने सांगितले, “कुओकडे. आणखी कुठे?”

कुओ मिस्त्री दारातच होता. गाडीचा फाटलेला टायर, घासलेली बाजू आणि काचेवर सुकलेला बलक पाहून त्याच्या हातातला चहाचा पेला तिरका झाला आणि चहा सांडत राहिला. “ती कशी आहे?” त्याने विचारले. टोइंगवाल्याने मनगटाचे सांगितले. कुओ मिस्त्री खाली बसला. त्याने चाकामागे पाहिले. या खेपेला टॉर्चची गरज पडली नाही.

“उतरवू ना इथे?” टोइंगवाला म्हणाला.

“नको. खाली रुइचनकडे ने.”

“तिच्याकडे? पण ताई म्हणाल्या...”

“ने म्हटलं ना!”

टोइंगची गाडी पुढे गेली आणि कुओ मिस्त्री तिच्यामागून चढ उतरू लागला. गॅरेजचे शटर ओढायचेही त्याला सुचले नाही.

दोन-तीन दिवसांत नवे सामान आले. मित्रांनो, ती खोकी उघडली गेली तो क्षण मी विसरू शकत नाही. नव्या दोन स्प्रिंगा, काळ्याभोर, अंगावर ओरखडा नाही. दोन नवे शॉकअप, त्यांच्यावर धुळीपासून जपायला रबराचे झगे. आम्हाला असले झगे मिळाले होते ते कधीच चिरून गळून गेले होते. रुइचनने एक स्प्रिंग हातात घेतली, उजेडात फिरवून पाहिली आणि हलक्या हाताने गादीवर ठेवली. गादीवर! मला एवढ्या हळुवारपणे कुणी कधी ठेवले नव्हते. तिला अजून एक खड्डा माहीत नव्हता, समुद्राचा एक थेंब माहीत नव्हता, आणि लाड मात्र आधीच सुरू झाले होते.

सूल्यान हात गळ्यात बांधून प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिला सगळे डोळ्यांनी बघायचे होते. कुओ मिस्त्री शटरखाली उभा होता, आत नाही आणि बाहेरही नाही. रुइचनने गाडी वर घेतली, चाक काढले, ब्रेकची नळी बाजूला केली, खालचे दोन मोठे बोल्ट सोडवले, बॉनेटखालचे नट काढले, आणि शॉकअपसकट मला बाहेर ओढले. इतक्या वर्षांनी मी उजेडात आले.

मग शिकंजे आले. स्प्रिंग शॉकअपवरून काढायची तर आधी ती दोन्ही बाजूंनी दाबून धरावी लागते. नाहीतर वरचा नट सुटताच ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. त्यात मी मोडकी, एका अंगाने तिरपी बसलेली. शिकंजा कसला जाऊ लागला तशी मी आणखी तिरपी झाले.

“थांब!” शटरमधून कुओ मिस्त्री ओरडला. “वाकडी येतेय. एक वेढा वर घे.”

“मला दिसतंय, उस्ताद,” रुइचन म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय. तिथून जरा बाजूला व्हा, सुटली तर थेट तुमच्यावर येईल.”

तिने शिकंजा सोडला, एक वेढा वर घेतला आणि पुन्हा सावकाश कसला. मी निमूट बसले. नट निघाला. मी हलकी झाले. तिने मला बाकावर ठेवले, तुटलेल्या टोकावर अंगठा फिरवला, आणि तिचा अंगठा काळा झाला. तिने तो नाकाशी नेला.

मित्रांनो, स्प्रिंगच्या वेढ्याला कुणी कधी ग्रीस लावत नाही. त्याचा उपयोगच नसतो. रुइचनने अंगठ्याकडे पाहिले, मग कुओ मिस्त्रीकडे पाहिले. अंगठा फडक्याला पुसून तिने उजव्या चाकासाठी पाना उचलला.

तिने बोलून दाखवले असते, तर कदाचित तो भांडला असता. ती गप्प राहिली, म्हणून तो आत आला.

“सूल्यान,” तो म्हणाला, “मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?”

“तडा. तू आली होतीस त्या दिवशी. मी वर ग्रीस फासलं.”

सूल्यान स्टुलावरून उठली. “समोरून शाळेची बस येत असती तर?”

“हो.”

“हो काय हो? मी कठड्यावरून खाली गेले असते तर?”

“हो.”

“अरे, पण का? तुझं मी काय वाकडं केलं होतं?”

कुओ मिस्त्री जमिनीकडे बघत बोलला, “हे काम मला झेपलं नसतं. खांदा गेलाय माझा. हिच्याकडे पाठवावं लागलं असतं. हिने चांगलंच केलं असतं, मला माहीत आहे. मग तू परत चढ चढून कशाला आली असतीस?”

सूल्यानचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी यावं म्हणून मला मारायला निघाला होतास होय?” ती ओरडली. “इतकी वर्षं मी काय ऑइल बदलायला येत होते? महिन्याला ऑइल बदलतं का कुणी, गाढवा? मिस्त्री ना तू? एवढं कळत नव्हतं तुला?”

रुइचन पाना घेऊन गाडीच्या पलीकडे गेली आणि उगाचच तिकडे बराच वेळ खाटखूट करत राहिली.

माझ्या बहिणीलाही काढण्यात आले. तिला काहीही झाले नव्हते, पण स्प्रिंगा जोडीनेच बदलतात. नाहीतर गाडी एका अंगाने वर आणि एका अंगाने खाली राहते. तिला माझ्या शेजारी बाकावर टाकले तेव्हा मला जो आनंद झाला, तो चांगला नव्हता, पण झाला. मग मी बघत राहिले. नवी स्प्रिंग माझ्या जागी गेली. नवा शॉकअप, नवे रबर, नवे नट. गाडी खाली उतरवल्यावर चाकांची अलाइनमेंट झाली. पांढरी गाडी सरळ उभी राहिली, डावीकडे तसूभरही न झुकता. सूल्यानने गाडीभोवती फेरी मारली आणि पहिल्यांदाच खाली वाकून, एका हाताने चाक धरून, आत डोकावून पाहिले. नव्यांकडे! माझ्याकडे तिने असे कधी पाहिले नव्हते.

“फिरतीला कोण जाणार आता?” रुइचनने विचारले. “मावशी, तुमचा हात सुटायला वेळ आहे.”

सूल्यानने कुओ मिस्त्रीकडे बोट दाखवले. “हा. हात बरा होईस्तोवर गाडी हाच चालवेल. खांदा वर जात नाही ना? स्टीअरिंग खालीच असतं. अंडीही हाच उचलेल, आणि लोकांना सांगेलही, की आधीची का फुटली ते.”

“लोकांना?” कुओ मिस्त्री म्हणाला.

“लोकांना.”

त्याने मान खाली घालून किल्ली घेतली.

पहिल्या फेरीला मीही होते. पुढच्या गावात भंगारवाला होता, म्हणून आम्हा दोघी बहिणींना डिकीत टाकले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून गाडीत बसले होते. दुसऱ्या कुणी धक्का झेलायचा आणि मी नुसते आडवे पडून राहायचे. प्रत्येक वळणावर मी नव्यांची चूक शोधत होते. आता वाजेल, आता आपटेल, आता ट्रे हलेल. डोंगरावरून आलेले खडे होते, डांबराचे उंचवटे होते. गाडी त्यांवरून जायची आणि मला फक्त कळायचे की काहीतरी खालून गेले. पूल आला. सांधा आला. गाडी किंचित वर आली, किंचित खाली गेली आणि पुढे निघाली. मी हेव्याने अशी तापले, की पुन्हा भट्टीत आहे असे वाटले. चूक नव्हती, मित्रांनो. कुठेच नव्हती.

पूल ओलांडल्यावर पुढच्या सीटवरून सूल्यान म्हणाली, “काय म्हणतात पुढचे पाय?”

“चांगलं केलंय,” कुओ मिस्त्री म्हणाला.

“मला काय सांगतोस? तिला सांग.”

“सांगेन.”

“सांगशील, पुढच्या भूकंपाला.” तिने एका हाताने फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला.

पलीकडून रुइचनचा घाबरलेला आवाज आला, “काय झालं? वाजतंय का काही?”

“नाही,” कुओ मिस्त्री म्हणाला. “पोरी, काहीच वाजत नाहीये.” मग म्हणाला, “माझ्या हातून इतकं नीट कधी झालं नव्हतं.”

सूल्यानने फोन काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या नाश्त्याच्या दुकानाशी गाडी थांबल्यावर कुओ मिस्त्रीने ट्रे उचलले. दुकानवाल्याने विचारले, “मागच्या खेपेला काय झालं होतं हो?” आणि त्याने खरे सांगितले. सगळे सांगितले. त्याला ते जड गेले, डिकीतूनही कळत होते.

भंगारवाल्याने आम्हाला ढिगावर फेकले. बहीण माझ्यावरच पडली आहे, म्हणजे इथेही भार मीच उचलते आहे. लवकरच आम्ही वितळवल्या जाऊ. पुढचा जन्म कसला मिळेल, सांगता येत नाही. नव्या स्प्रिंगांचा हेवा अजून गेलेला नाही, आणि तो जाईल असे मला वाटतही नाही.

तरी, मित्रांनो, जायच्या आधी दोन गोष्टी तुमच्याकडे मागते. घरच्या जुन्या गाडीला पुढून आवाज येऊ लागला, ती एका अंगाने झुकू लागली, तर तिच्या स्प्रिंगा वेळेवर तपासून घ्या, आणि बदलायच्या असतील तर बदला. आमच्यासारख्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. आम्हाला वाईट वाटणारच आहे. आणि दुसरे असे, की एखादे माणूस आपल्याकडे येत राहावे असे वाटत असेल, तर तसे त्याला तोंडाने सांगा. त्यासाठी त्याची गाडी मोडकी ठेवावी लागत नाही.